जामच्या हॉटेलातली आठ ताटं

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता माझ्या डोक्यात एकमेकींत मिसळल्या आहेत. जामच्या हॉटेलची केस मात्र मला अजूनही सबंध आठवते. त्या केसमध्ये मी ज्याला बेड्या घातल्या, त्याच्याइतका सरळ माणूस मला पुढच्या सगळ्या नोकरीत भेटला नाही. म्हणून ती लिहून ठेवतो.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी हिंगणघाट भागात ठाणेदार होतो. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी होती आणि ती मोडणारे सगळीकडे होते. जामला नागपूर-हैदराबाद रस्ता आणि चांद्याकडे जाणारा रस्ता मिळतात. त्या फाट्यावर पत्र्याच्या छपराचं एक हॉटेल होतं. नवराबायको मिळून चालवत. बाई चुलीवर, नवरा वाढायला. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, पातळ वरण, ठेचा. मी स्वतः तिथे दोनतीनदा जेवलो होतो. बाकं धुतलेली असायची आणि माणूस बसला की त्याला काय हवं ते मालक न विचारता आणून ठेवायचा.

या हॉटेलाबद्दल आमच्या खबऱ्याने माझ्या कानावर आधीच घातलं होतं. संध्याकाळी पाच ते सात हा तिथे ‘भज्यांचा टाइम’. त्या वेळात ‘स्पेशल’ मागितला की सोबत भज्यांची बशी फुकट मिळायची. ‘स्पेशल’ कपबशीतूनच यायचा, पण तो चहा नव्हता. मोहाची दारू होती. धाड घालायचं माझ्या मनात होतं, पण एवढ्यातेवढ्या कपांसाठी मनुष्यबळ मागायचा मी कंटाळा केला. तो आळस मला पुढे महागात पडला.

एका सकाळी सरकारी दवाखान्यातून डॉक्टरांचा निरोप आला. जामजवळच्या खेड्यातला एक बैलगाडीवान आणला होता. सारखी ओकारी, पोटात कळा, आणि डोळ्यांपुढे नुसतं पांढरं दिसतंय म्हणून तो ओरडत होता. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, “हा स्पिरिट प्यायलाय. प्याल्याबरोबर काही होत नाही, म्हणून माणूस गाफील राहतो. दुसऱ्या दिवशी डोळे जातात, नंतर जीव. याच्याबरोबर आणखी कोणी प्यायले असतील तर दुपारपर्यंत माझ्याकडे आणा.”

गाडीवान एवढंच सांगू शकला की काल संध्याकाळी तो फाट्यावरच्या हॉटेलात बसला होता.

रोजनाम्यात नोंद केली आणि जमादाराला घेऊन जीपने जाम गाठलं. मालक बाहेर बाकं पुसत होता. आम्हाला पाहून त्याचा हात थांबला. जमादार जुन्या वळणाचा. त्याने दंडुका टेबलावर ठेवला आणि म्हणाला, “साहेब, याले पाच मिनिटं माह्या हवाली करा.”

मी नको म्हटलं. मारलेला माणूस आधी स्वतःला वाचवणारं बोलतो, हा माझा अनुभव होता, आणि खोटं तपासत बसायला आमच्याकडे वेळ नव्हता. मी मालकाला समोर बसवलं.

“काल संध्याकाळी दारू कोणाकोणाला दिलीस?”

“आपल्याकडं दारू नाई साहेब. चहा हाय, जेवण हाय.”

“तुझ्याकडचा एक गाडीवान दवाखान्यात पडलाय. डोळे गेलेत त्याचे.”

त्याने हळूच विचारलं, “कोनता गाडीवान? कानात बाळी हाय तो?”

“तोच.”

“त्याले दिसूनच नाई राह्यलं?”

“नाही. आणि डॉक्टर म्हणतात, जे जे प्याले त्या सगळ्यांचं हेच होणार. काहींचा जीव जाईल.”

आतून त्याची बायको दाराशी आली. हाताला पीठ तसंच होतं. नवऱ्याला म्हणाली, “काऊन गप बसले? सांगून टाका. हॉटेल जाते तर जाऊ द्या. आपल्या हातचं खाऊन मानसं मरून राह्यले, अन् तुमी चहा चहा काय करता?”

मालकाने तोंडावरून उपरणं फिरवलं. मी त्याला स्पष्ट सांगितलं की कबूल केलंस तर तुरुंग होईल, मी कसलंही आश्वासन देऊ शकत नाही. त्याने मान हलवली.

“मले माहीत हाय साहेब. आधी त्यायले शोधा, मंग मले बांधा. काल आठ जन होते.”

मी कागद काढला. नावं विचारली. एक-दोन सोडता त्याला कोणाचं नाव ठाऊक नव्हतं. गाड्यांचे नंबरही नाहीत. माझा धीर सुटायला लागला. तेव्हा तो डोळे मिटून, एकेका बाकाकडे बोट करत बोलू लागला.

“इथं गाडीवान. त्याच्या बाजूले अल्लीपूरचा शेतकरी अन् त्याचा साडू. शेतकऱ्याले तिखट सोसत नाई, ताटात गुळाचा खडा लागते. घर मारुतीच्या देवळामांगं हाय त्याचं. तिकडच्या बाकावर संत्र्याच्या ट्रकवाले दोघं. एक कांदा खात नाई, येचून बाजूले ठेवते. त्याची बहीन पांढरकवड्याले देल्ली हाय. तिच्याकडं मुक्काम केल्याबिगर तो पुढं जात नाई, न्हाऊन जेवूनच निघते. दाराशी दोघं कोयशाच्या गाडीचे. ड्रायव्हरले उजव्या हाताचे दोन बोटं नाई, त्याले भाकर आमी कुस्करून देतो. ते वरोऱ्याच्या खानीवर लायनीत उभे असतीन, नंबर दुपारी लागते.”

“आणि आठवा?”

“गिरडकडचा एक गोंड म्हातारा. जंगलात सागवान तोडते. कोपऱ्यात बसला होता.”

मी लिहीत गेलो आणि थक्क होत गेलो. आम्ही पोलीस माणूस ओळखतो तो उंची, रंग, व्रण यांवरून. याने सगळी माणसं त्यांच्या जेवणावरून ओळखून ठेवली होती, आणि त्या ओळखीत त्यांची घरं, बहिणी, थांबण्याच्या जागा सगळं आलं होतं. कागद संपेपर्यंत मी त्याला ‘तुम्ही’ म्हणायला लागलो होतो.

ठाण्यावर येऊन पांढरकवडा आणि वरोरा ठाण्यांना फोन लावले. ट्रंककॉल लागेपर्यंतचं एकेक मिनिट जड गेलं. अल्लीपूरला शिपाई पाठवला. शेतकरी आणि साडू वखरावर सापडले, दोघांचंही डोकं दुखत होतं. संत्रीवाले बहिणीच्या अंगणात जेवायला बसले होते. त्यांना ताटावरून उठवून तिथल्या दवाखान्यात नेलं. वरोऱ्याचा निरोप शेवटी आला. दोन बोटं नसलेला ड्रायव्हर खाणीच्या फाटकाशी मिळाला होता. समोर धुकं आहे म्हणत होता आणि तरी गाडी चालू करत होता. त्याच्या साथीदारालाही तिथेच उतरवलं. स्पिरिटच्या विषावर उतारा म्हणून सगळ्यांना खायचा सोडा आणि दवाखान्यात औषधासाठी ठेवलेली ब्रँडी वेळेवर मिळाली. सहाही जण वाचले, सहाही जणांची नजर राहिली.

उरला गोंड म्हातारा. मालकाची बायको म्हणाली होती, “एक कप भरलेलाच वापस आला. म्या मोरीत ओतला.” तो कप म्हाताऱ्याचाच असेल तर का ठेवला, हे विचारायला मी स्वतः त्याच्या पाड्यावर गेलो. तो ठणठणीत, दारात कुऱ्हाडीला धार लावत बसला होता. घरच्यांशी गोंडीत बोलायचा, माझ्याशी मोडक्या मराठीत.

“बाबा, कप का ठेवलात?”

“मोहाचा वास नोहे तो. मले जनमापासून मोह माहीत हाय. लाकडाले लावते ना, पालिश, तो वास. बाजूवाल्याले सांगतलं, पेऊ नको. तो हसला.”

“हा वास तुम्ही कुठे घेतला?”

“शहरात सुताराचा कारखाना हाय. तिथं आमी सागवान नेतो.”

इथे केस फुटली. मालकाला नेहमी दारू आणून देणारा माणूस आजारी होता आणि त्या दिवशी एक अनोळखी सायकलवाला ट्यूबमध्ये माल भरून देऊन गेला होता. दोन पंच घेऊन कारखान्यावर झडती घेतली. पॉलिशच्या स्पिरिटचे डबे, मोहफुलांचा अर्क आणि सायकलच्या ट्यूबा मुद्देमालात आल्या. कारखान्यावरच्या माणसांच्या ओळख परेडीत मालकाने सायकलवाला पहिल्या फेरीत दाखवला. सायकलवाल्याने कारखान्याच्या मुकादमाचं नाव सांगितलं. दोघांनाही मोठी शिक्षा झाली.

सरकारी वकिलांनी मालकाला माफीचा साक्षीदार करायचं ठरवलं. मलाही तेच हवं होतं. तो नाही म्हणाला.

“कप म्या भरून देल्ला साहेब. डोये त्या गाडीवानाचे गेले. माफी द्याची त त्यानं द्याची. सरकार कशी देईन?”

त्याने गुन्हा कबूल केला. मी साक्षीच्या पिंजऱ्यात घडलं ते सगळं सांगितलं. सहा जण याच्यामुळे जिवंत आहेत हेही सांगितलं. न्यायाधीशांनी काही महिन्यांची कैद दिली. तेवढे महिने बाईने एकटीने हॉटेल चालवलं. पाच ते सात भजी चालूच राहिली, सोबत फक्त चहा.

पुढे माझी बदली झाली. निघताना जामला जेवायला थांबलो. मालक सुटून आला होता. कोपऱ्यात तो बैलगाडीवान बसला होता. त्याच्यासमोर ताट ठेवून मालक त्याचा हात धरून सांगत होता, “भाकर इथं. भाजी समोर, जरा गरम हाय. ठेचा डाव्या अंगाले.” गाडीवानाने बोटांनी चाचपून भाकर मोडली आणि म्हणाला, “आज मीठ बराबर हाय.”

मालकाने मला सांगितलं की गाडीवान रोज दोन्ही वेळा इथेच जेवतो. सुरुवातीला यायला तयार नव्हता. शिव्या द्यायचा, ताट लोटायचा. मालक ते पुन्हा वाढून त्याच्या घरी नेऊन द्यायचा.

पोलिसाच्या नोकरीत गुन्हेगार आणि सज्जन अशी दोन खाती डोक्यात तयार होतात आणि माणूस एकात टाकला की आपण मोकळे होतो. या केसने माझी ती सवय मोडली. या माणसाने कायदा मोडला होता, त्याच्या हातून एका माणसाचं आयुष्य अंधारात गेलं होतं, आणि तरी मदतीची गरज पडली तेव्हा त्याने स्वतःचा बचाव सगळ्यात शेवटी ठेवला. कैद मी त्याला मिळवून दिली, ते माझं काम होतं. पण त्या दुपारी जेवून निघताना मी टोपी काढून हातात घेतली आणि त्याला नमस्कार केला.