उंटावरची गोधडी

तेलंगण वेगळं झालं, त्याच वर्षीच्या हिवाळ्यात मी पहिल्यांदा एकटी वाळवंटात गेले. आमच्या हैदराबादच्या सरकारी कार्यालयात तेव्हा माणसांची वाटणी चालली होती. कोण इथं राहणार आणि कोण आंध्रात जाणार हे ठरेपर्यंत फायली जागच्या हलत नव्हत्या. माझ्या शेजारच्या टेबलावरची मैत्रीण मूळची गुंटूरकडची. इतकी वर्षं आम्ही एकमेकींच्या डब्यातलं खाल्लं, पण आता लोक आमच्याजवळ आले की बोलणं थांबवायचे. मलाही विचारायचे, "मॅडम, तुम इधर के क्या उधर के?" मी इथलीच म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असायचा, "घर में तो मराठी बोलते ना?"

माझे वडील परभणीकडच्या एका खेड्यातून शिकायला हैदराबादला आले होते. जुनं राज्य मोडून मराठवाडा मुंबईकडे गेला तेव्हा ते इथंच राहिले. मी नल्लकुंट्यात जन्मले, तिथंच वाढले, लग्न केलं नाही, आणि वडील गेल्यावर आईबरोबर राहत होते. तरी त्या वर्षी हा प्रश्न ऐकला की मला उगाच चोरट्यासारखं व्हायचं. कुठं तरी जावं, जिथं विचारायला माणूसच नसेल, असं वाटायला लागलं. रजा मागताक्षणी मिळत होती.

उंटावरून वाळवंटात फिरवून आणतात हे मी वाचलं होतं. दिलसुखनगरला राहणाऱ्या भावाला सांगितलं तर तो म्हणाला, "या वयात एकटी? आणि उंटावर?" वहिनीनं तोंडाला पदर लावला. आई मात्र शेंगा फोडता फोडता म्हणाली, "जाऊ दे तिला. कवा जाईल मग?" नातेवाइकांना मात्र भावानं मी टूर कंपनीच्या मोठ्या ग्रुपबरोबर गेले असंच सांगितलं.

काचीगुड्याहून निघून, मध्ये गाडी बदलून मी जोधपूरला पोचले आणि तिथून बसनं पुढं. ग्रुप वगैरे काही नव्हता. मी, एक उंट आणि त्याचा दोर धरून पुढं चालणारा पन्नाशीचा उंटवाला. तो फार बोलत नसे. माझी हैदराबादी हिंदी त्याला कळायला वेळ लागे. चहा नको म्हणून मी "नक्को" म्हटलं की तो आणखी अर्धा कप ओतायचा. उंट उठताना आधी मागचे पाय उभे करतो हे मला माहीत नव्हतं. पहिल्या वेळी मी पुढं कोसळता कोसळता किंचाळले. उंटवाला हसला नाही. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी खोगिरावर नीट बसायला शिकले होते, आणि अनेक महिन्यांत वाटलं नव्हतं इतकं मोकळं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून कंबर दुखत होती. उंटावर बसून दुखत असेल, असं मी धरून चालले. माझी पाळी बंद होऊन वर्ष होत आलं होतं. संपलं एकदाचं म्हणून मी सुटकेचा निःश्वास टाकला होता, आणि सामानात तसलं काहीच घेतलं नव्हतं. दुपारी एका खेजडीच्या झाडाखाली जेवायला थांबलो. मी उतरले, आणि उंटवाल्याची नजर खोगिरावर गेली. त्यानं ती लगेच वळवली. मग मी पाहिलं. खोगिरावर घातलेली फिकट गोधडी माखली होती. माझी सलवारही.

शाल कमरेला गुंडाळून मी झाडाच्या बुंध्याला पाठ लावून उभी राहिले. पंचेचाळीस ओलांडलेली, हाताखाली माणसं असलेली बाई मी. पण त्या क्षणी शाळेच्या बाकावरून उठायला घाबरणारी मुलगी झाले. आजूबाजूला लपायला काही नव्हतं, नुसती वाळू आणि ऊन. उंटवाल्यानं पाठमोरं राहूनच गोधडी काढली, डाग आत जाईल अशी दुमडली आणि काखेत धरली.

"बहनजी," तो झाडाशी बोलल्यासारखा म्हणाला, "पास में ढाणी है. मेरी बहन का ससुराल. वहाँ औरतें हैं."

परत उंटावर बसायला मी तयार झाले नाही. तो उंट घेऊन बराच पुढं चालत राहिला, मागं एकदाही न बघता. मी त्याच्या पावलांवरून जात होते.

ढाणी म्हणजे चार गोल झोपड्या आणि काट्यांचं कुंपण. त्याची बहीण तिशीची असेल. भावानं दोन शब्द सांगताच तिनं मला हात धरून मागच्या बाजूला नेलं. जुनं मऊ सुती कापड दिलं, स्वतःचा घागरा दिला. मी बदलून आले तर तिची म्हातारी सासू दारात उभी होती. ती लांबूनच काही तरी बोलली. बहिणीनं चुलीपासून दूर, भिंतीच्या सावलीत एक बाज टाकली होती. तिकडं बोट करून ती म्हणाली, "आप उधर बैठो. मैं भी इन दिनों उधर ही बैठती हूँ."

मी जाऊन बसले. घसा कोरडा पडला होता. पाणी मागितलं तेव्हा सासू तांब्या घेऊन आली आणि उभ्यानंच, वरून, पाण्याची धार धरली. मला ओंजळ करावी लागली.

आमच्या घरात विटाळ हा शब्द वडिलांनी येऊ दिला नव्हता. मला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा आई थोडी बावरली, तर ते म्हणाले होते, "पोरीला माठातलं पाणी तिच्या हातानं घेऊ द्या." लहानपणी ते तहानलेले असले की गावच्या विहिरीवर कुणी तरी यायची वाट बघत थांबायचे आणि वरून ओतलेलं पाणी ओंजळीनं प्यायचे. एवढं एकदाच त्यांनी आम्हाला सांगितलं होतं. बौद्ध झाल्यावर आणि गाव सुटल्यावर त्यांनी कुणापुढंही ओंजळ धरली नाही. आणि मी पगारी रजा घेऊन, हौसेनं इतक्या लांब येऊन, तशीच प्यायले. म्हातारीला माझी जात ठाऊक नव्हती. ती फक्त माझी पाळी पाळत होती, जशी स्वतःच्या सुनेची पाळत असेल. हे मला कळत होतं. तरी पाणी कोपरांवरून ओघळत असताना कान इतके तापले की मला मान वर करता आली नाही. आणि तहान अशी होती की मी दुसऱ्यांदा मागितलं.

थोड्या वेळानं तिनं विचारलंच, "कौन बिरादरी?"

"बौद्ध," मी म्हणाले.

तिला तो शब्द माहीत नव्हता. तिनं उंटवाल्याकडं पाहिलं. कुंपणाजवळ उंटाला चारा घालता घालता तो म्हणाला, "हैदराबाद की तरफ के होते हैं."

म्हातारीचं समाधान झालं. यापुढं काही सांगावं असं मला वाटलं, शब्दही जुळवले, पण मी बसून राहिले.

बहीण गोधडी घेऊन माझ्याशेजारी, जमिनीवर येऊन बसली. मी धुते म्हणून हात पुढं केला तर तिनं तो बाजूला सारला. पाणी दूरच्या टाक्यातून डोक्यावरून आणावं लागतं, ते असं वाया घालवता येत नाही. तिनं डागावर ओली वाळू चोळली, झटकली, पुन्हा चोळली.

"माफ करना," मी म्हणाले. "तुम्हारे भाई की नई रजाई—"

"नई?" ती हसली. "माँ के पुराने ओढ़नों की है. हम सब बच्चे इसी पर सोते थे. इसमें किस-किस का क्या निकले, कौन जाने."

मलाही हसू आलं, पण ते हसू मध्येच रडण्याकडं वळलं. ती वाळू चोळत राहिली. मग तिनं विचारलं, "साथ में कोई नहीं?"

"नहीं."

"घर में किसी ने रोका नहीं?"

"माँ ने कहा, जा."

तिनं गोधडी उन्हात पसरली आणि जिकडून आम्ही आलो होतो तिकडं, तिच्या माहेराच्या दिशेला, बघितलं. "मेरा पीहर वो रहा, उस टीले के पीछे. मैं वहाँ भी अकेली नहीं गई कभी."

रात्र ढाणीवर काढून सकाळी मी तिच्याच घागऱ्यात निघाले. तो परत पाठवते म्हटलं तर ती नको म्हणाली. डाग फिकट झाला होता, गेला नव्हता. उंटवाल्यानं गोधडीची ती बाजू खाली केली, उंटाला बसवलं, आणि मी चढल्यावर नेहमीसारखा दोर धरून पुढं चालू लागला. शहराच्या वाटेला लागेपर्यंत आम्ही उंटाच्या खाण्याबद्दल बोललो, बाकी कशाबद्दल नाही.

घरी आल्यावर भावाला मी फोटो दाखवले, ही गोष्ट सांगितली नाही. आईला सांगायलाही बरेच दिवस लागले. एका दुपारी ती भाजी निवडत असताना बोलून टाकलं: गोधडी, बाज, पाणी. दादांना काय वाटलं असतं, असंही म्हणाले. वडिलांना आम्ही दादा म्हणत असू.

आईनं हातातला देठ मोडला. मग म्हणाली, "तुला बाजंवर बसवलं ना? सावलीत?"

"हो."

"गावात पाटलाच्या, कुलकर्ण्याच्या बाया बसायच्या तशा. आपल्या बायांना कोण बसू देणार? त्या दिवसांतबी खुरपायला जायचं. रगत पायावरून व्हायचं, वर मातीचा हात फिरवायचा. बाजूला बसायला घरी बसायची सोय लागते, लेकी."

"तुला लाज वाटायची?"

"वाटायची की. कामाला जावंच लागायचं म्हणून वाटायची." तिनं निवडलेली भाजी परातीत टाकली. "दादांनी बंद केलं ते त्यांच्या परीनं बरोबर केलं. पण मला काय वाटायचं, ते त्यांनी मला विचारलं नव्हतं, आणि मीबी सांगितलं नव्हतं."

त्यानंतर काही महिन्यांनी कार्यालयातली वाटणी झाली. मला इथंच ठेवलं, माझी मैत्रीण गेली. निरोपाच्या दिवशी आम्ही कँटीनच्या मागं उभं राहून बोललो, आणि वाळवंटातलं सगळं मी तिला सांगितलं. आईनंतर तीच एकटी. तिनं माझा हात दाबला आणि तेलुगूत म्हणाली की पुढच्या खेपेला मला घेऊन जा.

ते काही जमलं नाही. मी त्यानंतरही उंटावर गेले, दरवेळी एकटी, दरवेळी दुसऱ्या वाटेनं. पाळी पुन्हा कधी आली नाही, तरी पिशवीच्या तळाशी कापड असतं. उंट बसला की उतरल्या उतरल्या मी आधी मागं वळून खोगीर बघते. उंटवाले वेगळे असतात, त्यांना त्याचा अर्थ कळत नाही. एकानं विचारलं होतं, काही पडलं का. मी नाही म्हणाले, आणि कान तापले.