तिसाव्या पानावरची मैनाताई

नवी मुंबईत, पावण्याच्या एमआयडीसीतल्या एका छापखान्यात मी मुद्रितं तपासायचे आणि मैनाताई बाइंडिंगला होती. छापून आलेल्या मोठ्या कागदांना घड्या घालून फर्मे करायचे, ते क्रमानं लावायचे, शिवायचे, खळ लावून वर कव्हर चढवायचं, हे काम ती सत्तावीस वर्षं करत होती. तिचं घर सानपाड्याच्या जुन्या गावात. वय पंचावन्न. रागीट म्हणून सगळ्या छापखान्यात तिचं नाव होतं. कटिंग मशीनवरचे पुरुषसुद्धा तिच्याशी बोलताना आवाज उतरवून बोलायचे. मी नवीन होते तेव्हा मला वाटायचं, या बाईला नक्की झालंय काय? पुढं ते कळत गेलं, आणि मग वाटायला लागलं की हिचा राग फारच कमी आहे.

तिचा नवरा गोवर्धन आधी खाडीत होडी घालायचा. खाडीत मासळी उरली नाही तेव्हा रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात कंत्राटावर लागला. अकरा वर्षं त्यानं पोती फोडून टाकीत पावडर ओतली. त्याच्या घामाचा रंग कधी पिवळा, कधी निळा. उशीचे अभ्रे कितीही धुतले तरी डाग जायचे नाहीत. मग खोकला लागला. भगतानं सांगितलं, होडी सोडली म्हणून खाडीची देवी कोपली. आठ महिने उपास, नवस, कोंबडे झाले. शेवटी डॉक्टरकडे नेलं, तेव्हा डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला आणि इतके दिवस कुठं होता, असं विचारलं. मैनाताई कारखान्याच्या गेटवर गेली. हा माणूस इथं कामाला होता, एवढा एक कागद तिला हवा होता. गेटवरच्या बाबूनं रजिस्टर उघडून तिच्यासमोर ठेवलं. त्यात गोवर्धन नावाचा माणूसच नव्हता. तीन महिन्यांनी तो गेला.

तेव्हा ती आमच्या छापखान्यात होतीच. चौथीपर्यंत शिकलेली, घडी घालताना कागदावर काय छापलंय, याच्याकडे तिनं कधी बघितलं नव्हतं. गोवर्धन गेल्यानंतर दोन वर्षांनी एका पुस्तकाचा आठवा फर्मा तिच्या हातात आला. रसायन कारखान्यांतल्या कंत्राटी कामगारांवरचं पुस्तक होतं ते. एका ओळीत लिहिलं होतं की या माणसांची नावं कुठल्याच हजेरीपटावर नसतात, म्हणून त्यांचा आजारही कुठं नोंदला जात नाही. मैनाताई उभ्या उभ्या वाचत राहिली. मागं कामाचा ढीग साचला. सुपरवायझर ओरडला, तेव्हा तिनं मान वर न करता सांगितलं, "थांब जरा. यात माझा नवरा हाय."

ते पुस्तक तिनं फर्मे येतील तसं वाचलं. आधी आठवा, मग तिसरा, मग पहिला. नंतर कव्हर उलटं चढलेली एक खराब प्रत घरी नेली आणि सुरुवातीपासून वाचून काढली. तेव्हापासून तिच्या हाताखालून न वाचलेला कागद गेला नाही. पुस्तकांची नावं तिच्या लक्षात राहायची नाहीत. या पुस्तकाला ती रंगाचं पुस्तक म्हणायची. दुसरं एक नवसाचं पुस्तक होतं. एका निवृत्त मास्तरांनी किनाऱ्यावरची गावं हिंडून लोकांना विचारलं होतं, कशासाठी बोललात, फळ मिळालं का, आणि वाट बघता बघता काय गमावलंत. देवाला कुठं नावं ठेवली नव्हती, नुसती लोकांची उत्तरं लिहिली होती. आणि तिसरं मिठाचं पुस्तक. खाडीकाठच्या मिठागरांचा आणि गावांचा इतिहास, सातबारे आणि म्हाताऱ्या बायकांची तोंडची माहिती समोरासमोर ठेवून लिहिलेला.

जेवणाच्या सुट्टीत ती बायकांना पुस्तकं सांगायची. सांगायची म्हणजे दम द्यायची. कुणाचा नवरा आजारी, कुणी सोमवार धरलेले, कुणाच्या सासरची जमीन गेलेली, हे आधी विचारून घ्यायची आणि मग त्यातलं नेमकं पुस्तक पिशवीतून काढून द्यायची. आठ दिवसांनी विचारायची, कितवं पान? खोटं बोललेलं तिला लगेच कळायचं. मी मराठवाड्यातल्या बौद्ध घरातली; पुस्तकांचा मान आमच्या घरी मोठा. तरी पुस्तक एखाद्या औषधासारखं हातात ठेवणारं माणूस मी तिच्याआधी बघितलं नव्हतं.

गेल्या वर्षी खारघरच्या एका मोठ्या सोसायटीनं आपलं वाचनालय सुरू करायचं ठरवलं. त्यांची बत्तीस पानी पुस्तिका आमच्याकडे छापायला आली. काम, श्रद्धा आणि इतिहास या विषयांवर काय वाचावं, असा तिचा विषय. सोसायटीच्या समितीतली दिशा नावाची तरुण बाई पानं बघायला आली होती. तिनं मैनाताईला फर्मा वाचताना बघितलं आणि तिला ते इतकं आवडलं की तिथंच म्हणाली, एक पान यांचं घेऊ. छापखाना मालकाचा मुलगा अंकुर बघत होता. त्यानंही मान डोलावली.

मैनाताईनं सांगितलं आणि मी लिहून घेतलं. त्यातली वाक्यं मला अजून पाठ आहेत. रंगाच्या पुस्तकाबद्दल ती म्हणाली, "तुमच्या चादरीचा निळा रंग कोनाच्या छातीतून आला, ते यात हाय." नवसाच्या पुस्तकाबद्दल म्हणाली, "नवस बोला, पन डॉक्टरकडं जायला उशीर करू नका. मी केला." आणि मिठाच्या पुस्तकाबद्दल, "तुमी राहता तिथं आदी कायच नव्हतं असं कोनी सांगितलं, तर तो खोटं बोलतोय. तिथं आमी होतो." मी एक शब्द बदलला नाही. दिशानं तिचा फोटो काढला आणि मजकूर घेऊन गेली.

पंधरा दिवसांनी अंतिम मुद्रित माझ्या टेबलावर आलं. तिसाव्या पानावर मैनाताईचा फोटो होता, अर्धं पान भरून. खाली तिच्या नावानं छापलं होतं: 'पुस्तकांनी मला हसायला शिकवलं. काम हीच माझी पुजा. एका छोट्या गावातून आलेल्या मला या शहरानं सगळं काही दिलं.' त्याखाली तिनं सुचवलेली म्हणून तीन पुस्तकं होती. एक पहाटे उठून यशस्वी होण्याचं, एक मनःशांतीचं, एक राजांच्या लढायांचं, रंगीत चित्रांसह.

मी ते वाचलं. 'पुजा' असं छापलं होतं, त्यातला 'पु' दीर्घ केला, आणि खाली सही केली. अंकुरला घाई होती. माझं काम शुद्धलेखनाचं, मजकूर गिऱ्हाइकाचा, असं मी स्वतःला सांगितलं. मैनाताई वीस पावलांवर होती. मी उठून तिला सांगितलं नाही.

तिला ते कळलं घडीच्या टेबलावर. हजार प्रतींतले तिच्या वाटचे कागद तिच्यासमोर आले आणि तिला तिचाच चेहरा दिसला. तिनं वाचलं. पुन्हा वाचलं. मग तो कागद घेऊन माझ्या टेबलाशी आली. ती ओरडेल असं मला वाटलं होतं. ती हळू बोलली, आणि ते जास्त वाईट होतं.

"तू वाचलंस हे?"

मी हो म्हटलं.

"आनि सही केलीस." तिनं बोट त्या वाक्यावर ठेवलं. "छोट्या गावातून आलेली. मी कुठून आली, अक्षता? मी हितंच होती. शहर आलं."

मी काहीतरी सांगायला लागले. तिनं ऐकून घेतलं नाही, परत गेली आणि बाइंडिंगच्या बायकांना हात थांबवायला सांगितलं. सकाळपासून इतर बायकांनी घड्या घातलेल्या प्रती पिना मारून तयार होत्या. तिनं धारदार कटर घेतला आणि एकेका प्रतीतून तिसावं पान कापायला सुरुवात केली. मधोमध पिन मारलेल्या पुस्तिकेत दोन पानं एकाच कागदाची असतात. एक कापलं की दुसरं आपोआप सुटतं. तिसाव्या पानाचा जोडीदार म्हणजे तिसरं पान, आणि तिसऱ्या पानावर सोसायटीच्या अध्यक्षांचं मनोगत होतं. हे तिला माहीत नव्हतं असं नाही. सत्तावीस वर्षं तेच केलं होतं तिनं.

अंकुर धावत आला तोवर शंभरावर प्रती झाल्या होत्या. हे काय करताय, असं त्यानं विचारलं. ती म्हणाली, माझं पान काढतेय. तो म्हणाला, अहो, अध्यक्षांचं पान सुटतंय. ती म्हणाली, "सुटू दे. माझ्या खोट्याला धरूनच ते उभं हाय."

त्यानं दिशाला फोन केला. दिशा तासाभरात आली. ती वाईट बाई नव्हती, आणि मला वाटतं म्हणूनच मला तिचा जास्त राग आला. खाली बघून म्हणाली की समितीला मूळ मजकूर फार नकारात्मक वाटला; सोसायटीत लहान मुलं आहेत, वयस्कर माणसं आहेत. मैनाताईचा मान राहावा म्हणून फोटो मोठा केला. मैनाताई कटर हातात धरून ऐकत होती.

"नाव माझं हाय, शब्द तुमचे," ती म्हणाली. "तुमच्या शब्दांना तुमचं नाव लावा ना. लाज कशाची वाटते?"

अंकुरनं तो कागद नव्यानं छापून घेतला. तिसाव्या पानावर क्लबहाउसच्या वेळा आल्या आणि अध्यक्षांचं मनोगत जागच्या जागी बसलं. दुसऱ्या दिवशी त्यानं मैनाताईला सांगितलं की उद्यापासून यायची गरज नाही. ती गेली तेव्हा आम्ही सगळे आपापल्या टेबलावर होतो. कुणी तिच्या मागं गेलं नाही. मीही नाही.

आठ दिवसांनी तिचा फोन आला. रविवारी सकाळी वाचनालयाचं उद्घाटन आहे, तू ये, एवढंच. मी गेले. सोसायटीच्या गेटवर ती पिशवी घेऊन उभी होती. पिशवीत तिची तीन पुस्तकं होती, तीच, घरची. वाचनालयात ठेवायला दे म्हणाली सुरक्षा रक्षकाला. कार्यक्रम फक्त रहिवाशांसाठी आहे, तो म्हणाला. मैनाताईनं दिशाला बोलवायला सांगितलं. त्यानं इंटरकॉम लावला आणि आम्हाला बाजूला थांबवलं. बाजूला घरकामाच्या बायकांची रांग होती. प्रत्येकीची पिशवी तपासून, रजिस्टरमध्ये नाव लिहून मग आत सोडत होते.

दहा-पंधरा मिनिटं झाली. वरून लाउडस्पीकरवर कुणीतरी ज्ञानाचं महत्त्व सांगत होतं. मग मैनाताईनं पुस्तकं बाहेर काढली आणि रांगेकडे वळून बोलायला लागली. पुस्तिकेत छापलं नाही तेच, त्याच शब्दांत. निळी चादर, आठ महिन्यांचा उशीर, मिठागरं. या इमारतींच्या जागी कुणाची शेतं होती, कुणाची मिठागरं होती, ते गावाच्या नावासकट सांगितलं. गोवर्धनचं नाव तिनं दोनदा घेतलं, मोठ्यानं. रक्षक मध्ये पडायला बघत होता, पण बायका ऐकत होत्या आणि रांग पुढं सरकत नव्हती.

पुतळा नावाची एक बाई पुढं आली. तीन घरची धुणीभांडी आणि बाथरूम करायची. तिनं आपले हात दाखवले. ॲसिडनं बोटांची कातडी सोलली होती. हे आहे का त्या पुस्तकात, असं तिनं विचारलं.

मैनाताईनं तिचे हात नीट बघितले. "नाय. तुझं नाय त्यात. पन कोनाला आनि कसं विचारायचं, ते हाय."

पुतळा म्हणाली, मला वाचायला वेळ लागतो. मैनाताईनं रंगाचं पुस्तक तिच्या हातात ठेवलं आणि लागू दे म्हणाली. रक्षकानं ते पुस्तक उघडून, झटकून बघितलं आणि मग पुतळाला आत सोडलं.

तेवढ्यात दिशा खाली आली. तिनं बहुतेक बरंचसं ऐकलं होतं. दोन पुस्तकं वाचनालयात ठेवण्याबद्दल समितीला विचारते म्हणाली. मैनाताईनं पुस्तकं पिशवीत घातली. मग दिशा थांबून म्हणाली, मिठाचं मला द्याल का? समितीसाठी नाही. मैनाताईनं ते पिशवीतून पुन्हा काढून तिला दिलं.

दोन महिन्यांनी ते कुरिअरनं सानपाड्याला परत आलं. सोबत चिठ्ठी नव्हती. पानांवर पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या, साठाव्या पानापर्यंत. पुढं काही नाही. मैनाताई खूप दिवस त्यावरून चिडलेली होती. एकदा मात्र म्हणाली, साठपर्यंत तरी आली.

आता ती तुर्भ्याला एका छोट्या बाइंडरकडे जाते. तिथं बहुतेक वह्या आणि पावतीपुस्तकं असतात, वाचायला काही नसतं. मीही तो छापखाना सोडला, पण लगेच नाही. चार महिने राहिले, हे लपवत नाही. पुतळानं पुस्तक अजून परत केलेलं नाही. ते आणखी दोघींकडे फिरून आलं म्हणे.

मैनाताईनं मला माफ केलंय असं मला वाटत नाही. मी तिच्या घरी जाते, ती चहा देते, कितवं पान म्हणून विचारते. हे लिहून झाल्यावर मी आधी तिला वाचून दाखवलं. एका ठिकाणी तिनं थांबवलं. तिच्या रागाला मी 'सात्त्विक' म्हटलं होतं.

"ते काढ," ती म्हणाली. "राग हाय तो. तसाच लिही."