ठगाच्या हातात माझं पत्रक

शिराळ्याचे निवृत्त सुभेदार वसंतराव यांना यंदाच्या नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, त्यांच्याच सोप्यात बसून लुबाडण्यात आलं. लुबाडणाऱ्याच्या हातात जे पत्रक होतं, ते मी लिहिलेलं.

मी सांगलीत ग्राहकांच्या एका संघटनेत काम करतो. फसव्या योजनांविरुद्ध गावोगाव बोलायचं, पत्रकं वाटायची. फॉरेक्सचं पत्रक माझं लाडकं. फॉरेक्स म्हणजे परकीय चलनाची खरेदी-विक्री. डॉलर चढेल की पडेल, यावर पैसे लावायचे. आपल्याकडं ती मान्यताप्राप्त एक्स्चेंजवर, नोंदणीकृत ब्रोकरमार्फतच करता येते. हे सगळं लिहून मी मागं एक चौकट टाकली: 'खरा ब्रोकर ओळखा'. नोंदणी क्रमांक आहे का? करारपत्र देतो का? ऑफिसचा फोन लागतो का? प्रत्येक प्रश्नापुढं टिक करायला छोटा चौकोन. चौकोनांची आयडियाही माझीच.

त्यानंतर काही आठवड्यांनी शिराळ्यातली सभा संपवून मी घाम पुसत होतो. सुभेदार पुढं आले आणि त्यांनी खिशातून पत्रक काढलं. सगळ्या चौकोनांत टिक केलेली.

"ह्ये तुमीच लिवलंय न्हवं?"

"हो," मी छाती पुढं काढून म्हणालो.

"लय उपकार झालं बगा. त्या एजंटानंच मला ह्ये दिलं. म्हणला, सुभेदारसाहेब, माझ्यावर इस्वास ठेवू नका, ह्ये घ्या आन् तपासा. मग मी फौजेत किट इन्स्पेक्शन केल्यावानी एकेक आयटम मागितला. नंबर, करार, फोन. समदं हजर! तवाच पैसं लावलं."

पैसे म्हणजे पेन्शनचा एक भाग विकून हाती आलेली रक्कम. त्यातली निम्मी गेली होती.

पुढं तपासलं तर नोंदणी क्रमांक भलत्याच ब्रोकरचा, करार घरी छापलेला, आणि ऑफिसचा फोन एजंटच्या दोस्ताच्या खिशात. चोराला उत्तर आणता येणार नाही, असा एकही प्रश्न माझ्या चौकटीत नव्हता.

"आता काय म्हणतोय एजंट?" त्या दिवशी सभेच्या जागीच मी विचारलं.

"तिप्पट झाल्यात की! अ‍ॅपवर दिसतंय. काडायला आदी टॅक्स भरायचा म्हणं. उरल्यालं आज बँकेतनं पाठवतो."

"थांबा! टॅक्स नफ्यातूनच कापून घे म्हणा त्याला."

"व्हय की, ह्ये बराबर हाय." त्यांनी तिथंच स्पीकरवर फोन लावला.

"नियमात बसत नाही, साहेब," पलीकडून गोड आवाज आला.

मला राहवलं नाही. फोन हिसकावून मी भाषणच सुरू केलं. देशसेवा केलेल्या माणसाची लूट, घामाचा पैसा, तुम्हाला लाज कशी वाटत नाही, वगैरे. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमीच का त्ये पत्रकवाले? लय भारी लिहिता, साहेब. नव्या पोरांना ट्रेनिंगला आमी त्येच देतो."

आणि फोन कट.

सुभेदारांनी फोन माझ्या हातातून काढून घेतला. चेहरा उतरला होता, पण आवाज करडा. "गड्या, गोळी घालायची सोडून बिगुल वाजवलास की रं. आता त्यो कशाला घावतोय?"

उरलेली निम्मी रक्कम वाचली. गेलेल्यातली थोडी सायबर पोलिसांनी बँकेत अडवली. बाकीची पुढच्या पुढच्या खात्यांत पसार झाली.

साताऱ्याहून आमच्या वरिष्ठ मॅडमचा फोन आला. "पैसे कुणाच्या नावावर गेले?"

"एका मोबाईल दुरुस्तीच्या दुकानाच्या."

"करारावरच्या ब्रोकरच्या नाही?"

"नाही. पैसे पाठवताना स्क्रीनवर दुकानाचंच नाव येत होतं."

"मग हा प्रश्न तुझ्या चौकटीत का नाही?"

"जागा उरली नव्हती, मॅडम."

"आणि पत्रकात 'जागे व्हा!' तीन ठिकाणी?"



तो एजंट आता कडेगावात फिरतोय, असं कळलं. त्याचा मला संताप येतो, पण संतापाची पत्रकं तो फुकटात वापरतो, हे मला आता माहीत आहे. म्हणून इथं एकच सांगतो. मला शिव्या नंतर घाला, आधी फोन उघडा. असल्या अ‍ॅपसाठी पैसे पाठवले असतील, तर ते कुणाच्या नावावर गेले ते घरच्यांसमोर मोठ्यानं वाचा. नाव ब्रोकरचं नसेल, तर पुढचा रुपया पाठवू नका आणि आजच्या आज सायबर पोलिसांत तक्रार करा. लाज वाटली तरी जा.