सुपाएवढं काळीज

आमच्या चमच्यांच्या कारखान्याला एकच जिना होता आणि तो चढायला हिरामावशीला चार बातम्या लागायच्या. दम लागतो हे कबूल करणं तिच्या स्वभावात नव्हतं. म्हणून पाच पायऱ्या झाल्या की ती कठडा धरून थांबायची आणि जुन्या भाईंदरात काल कोणाचं कोणाशी वाजलं ते सांगायची. बातमी संपली की पुढच्या पाच पायऱ्या. आम्हा बायकांना तो जिना फार आवडायचा.

सत्तर सालानंतरची गोष्ट. एकदा पहिलीच बातमी इतकी लांबली की त्यातल्या दोघी जावा भांडून, गोड होऊन, परत भांडल्या तरी मावशीचा श्वास जाग्यावर येईना. पाय सुजून चपलेत मावत नव्हते. मी तिला ओढतच कामगार विम्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीशी धरला.

"मावशी, हृदयाचा स्नायू सैल पडलाय. हृदय ताणून मोठं झालंय. आता विश्रांती, रोजच्या गोळ्या आणि मीठ बंद."

"आमच्या दारात मिठागराचे ढीग हायत डाक्टर," मावशी म्हणाली, "न् मला चिमूटभर न्हाय?"

विम्याच्या कचेरीत दीर्घ आजार म्हणून नोंद झाली, तर अर्धा पगार आणि गोळ्या चालू राहणार होत्या. नाही झाली, तर महिन्याभरात कामावर हजर व्हायचं, म्हणजे परत तो जिना. एखाद्या बातमीच्या मध्येच ती संपली असती, हे मला दिसत होतं. मी मॅट्रिक झालेली, म्हणून अर्ज माझ्याकडे आला. 'आजाराचे नाव' या रकान्यापाशी मी अडले. डॉक्टरांचं अक्षर काही केल्या लागेना.

"लिव्ह," मावशी म्हणाली, "काळीज सुपाएवढं झालं हाय."

आणि अक्कल गहाण टाकून मी तेच लिहिलं.

कचेरीतल्या कारकुनाने अर्ज वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. "बाई, काळीज सुपाएवढं आनंदानं होतं. आनंदाला आम्ही रजा देत नाही."

अर्ज परत आला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. मावशी मात्र फाटकापर्यंत तीनदा थांबून हसली.

दुसऱ्या दिवशी ती घरचं सूप काखोटीला मारून हजर. कारकुनाच्या टेबलावर सूप, सुपात एक्स-रे. "सायेब, मापून घ्या. आनंदाचं असतं तर मला उताणं निजता आलं असतं. महिना झाला, भिंतीला टेकून बसते."

कारकून हसता हसता थांबला. उठून स्वतः डॉक्टरांकडे गेला, आजाराचं खरं नाव लिहून घेऊन आला आणि शिक्का मारला.

त्यानंतर पाच वर्षं मावशीने आळणी कालवणाला शिव्या घालत काढली. मध्येच सुकट खाताना सापडली की म्हणायची, "मासा दर्यातनं येताना मीठ घेऊनच आला, त्यात माजा काय गुना?"

माझ्या मुलीच्या बारशाला डॉक्टर नको म्हणत असताना ती आली. आमच्या एका मजल्याला तिला सात बातम्या लागल्या. सातवी सांगताना ओठ निळसर झाले होते, तरी बातमी तिने अर्धवट सोडली नाही. तेच सूप तिने हळद-कुंकू लावून आणलं होतं. बाळाला त्यात निजवलं, चारी बाजूंनी हात फिरवून पाहिलं आणि मला म्हणाली,

"बग सुमन, बराबर मावली. काळीज काय उगाच मोठं झालं न्हाय. तुम्हाला जागा नको?"

त्याच वर्षी पावसाळ्याआधी ती गेली. विम्याचा शेवटचा कागदही मीच भरला. आजाराच्या रकान्यात डॉक्टरांचा शब्द एकेक अक्षर बघून नीट उतरवला, या वेळी चूक केली नाही. चूक न केल्याचं इतकं वाईट मला पुन्हा कधी वाटलं नाही.