बाबांनी लावलेलं कुलूप

बाजारात त्यांना कुलूपकाका म्हणतात. खरं दुकान कम्प्युटर दुरुस्तीचं. पण सुरू होतानाच पासवर्ड मागून अडून बसलेलं मशीन आलं की काकांची कळी खुलते. गिऱ्हाइकाने मशीन आपलंच आहे हे पटवून दिल्याशिवाय ते स्क्रूड्रायव्हरला हात लावत नाहीत, आणि विसराळूपणावर चार शब्द सुनावल्याशिवाय मशीन परत देत नाहीत.

अशा माणसाने घरच्याच मशीनचा पासवर्ड विसरावा, आणि तोही स्वतः घातलेला, म्हणजे तोंड लपवायला जागा उरत नाही.

त्याचं असं झालं, मुलगी नोकरीच्या परीक्षेचा अभ्यास सोडून कम्प्युटरवर घरांचे नकाशे काढत बसायची. काकांनी दोनदा समजावलं, मग डोकं फिरलं आणि त्यांनी मशीनला सुरू होतानाच अडवणारा पासवर्ड ठोकून दिला. रागाच्या भरात काय बडवलं, ते राग उतरल्यावर आठवेना. बापलेकीचा अबोला सुरू झाला. त्यातच एका आर्किटेक्टच्या ऑफिसातून तिला निरोप आला: स्वतः काढलेला एक पूर्ण नकाशा आज संध्याकाळपर्यंत पाठवा, पसंत पडला तर कामाचं बोलू. नकाशा त्या बंद मशीनमध्येच होता, दुसरीकडे कुठेही नाही.

तिने आईकरवी पासवर्ड विचारला. काका नुसतेच खाकरले आणि जेवायचं टेबल रिकामं करा म्हणाले. आईला काय ते कळलं. दुकानात लोकांना यावरच भाषण देता ना, एवढंच तिने विचारलं.

काकांनी वायर काढली, झाकण उघडलं आणि मदरबोर्डवरचा बटणाएवढा सेल काढला. जरा थांबून परत बसवला. मशीन सुरू झालं, पासवर्ड मागितला नाही. काकांची मान ताठ होते न होते तोच स्क्रीनवर ओळ आली: डिस्क सापडत नाही.

"गेलं का सगळं?" मुलीने थेट त्यांनाच विचारलं. अबोला सुटला, पण तो असा.

गिऱ्हाइकांच्या मशीनवर ही ओळ काकांनी कितीदा तरी पाहिली होती. लेकीच्या मशीनवर पाहताना मात्र डोकंच चालेना. मग त्यांच्या लक्षात आलं. सेल काढला की पासवर्डाबरोबर बाकीची सेटिंगंही पुसली जातात: तारीख, वेळ, डिस्क कोणत्या पद्धतीने वाचायची तेसुद्धा. त्यांनी सेटिंगचं पान उघडलं, डिस्कची पद्धत पूर्वीसारखी केली आणि जीव मुठीत धरून मशीन पुन्हा सुरू केलं. नकाशा जसाच्या तसा उघडला.

काका तो पहिल्यांदाच पाहत होते. दोन खोल्यांचं लहानसं घर, आणि म्हाताऱ्या माणसाला पलंगापासून बाथरूमपर्यंत धरत धरत जाता यावं म्हणून भिंतीला सलग कठडा. कुठे इंचभर जागा वाया गेली नव्हती. त्यांना स्वतःची लाज वाटली आणि लेकीचा अभिमानही, दोन्ही एकदम. हे तू एकटीने काढलंस का, असं त्यांनी हळूच विचारलं. ती हो म्हणाली आणि नकाशा पाठवून मोकळी झाली. थोड्या वेळाने उत्तर आलं, सोमवारी भेटायला या.

काकांनी खुर्ची तिच्याकडे सरकवली आणि नवा पासवर्ड तूच घाल म्हणाले. तिने घातला, खात्रीसाठी मशीनने मागितला तेव्हा पुन्हा घातला. काकांना राहवेना.

"मला सांगून तरी ठेव."

"नाही सांगणार," ती म्हणाली. "विसरले तर उघडायला तुम्ही आहातच की, बाबा."