मशीन त्यांच्या दारात

शिवणवाल्या काकूंनी मला एका माणसाचं डोकं फोडण्यापासून वाचवलं, हे आधी लिहून ठेवतो. माझं जळणं त्यानंतरचं.

मोशीच्या पलीकडं आमची वीस खोल्यांची लाइन. ग्रामपंचायत म्हणते आमच्यात नाही, महापालिकाही तेच म्हणते. पोलिसांना फोन केला तर 'हद्द बघून सांगतो' म्हणतात, येत कुणी नाही. म्हणून न्याय आम्हीच करायचो, परभणीकडची पोरं. संख्या आमची होती.

काकूही परभणीकडच्याच. पण कुणा एकट्यावर सगळे उठले की त्या आपलं पायमशीन त्याच्या उंबऱ्यात मांडायच्या आणि ब्लाउज शिवत बसायच्या. त्यांना ओलांडून आत जायची कुणाची छाती नव्हती. आठवीतून शाळा सोडून आलो तेव्हापासून त्यांच्याच हातचं जेवत होतो. वाटायचं, त्या माझ्या.

एका रविवारी सकाळी पाण्याची मोटर गायब झाली. आसामचा बिरेन आणि त्याची बायको, लाइनीत त्यांच्या भाषेचं तिसरं कुणी नाही. चोर ठरायला तेवढं पुरलं. पाना घेऊन मी सगळ्यांत पुढं. बघतो तर त्यांच्या दारात काकू, मशीन चालू.

"काकू, सरका. आपल्याच पोरांच्या आड येता व्हय?"

"तू बघितलंस का त्याला नेताना?"

सगळे माझ्याकडं बघत होते. "न्हाई," म्हणालो.

"मग जा, दाढी कर. रविवार हाय."

पोरं मला फितूर म्हणत पांगली. दोन दिवसांनी कळलं, मालकाच्या माणसानं मोटर रिवाइंडिंगला नेली होती, कुणाला न सांगता. तरी पोरं मला नळावर उभं करेनात. काकूंना म्हणालो, "आता मशीन माझ्या दारात आणा."

"तुला उलट शिव्या देता येतात. त्या बिचाऱ्याला दिलेल्या पण कळत न्हाईत."

मशीन महिनाभर तिथंच राहिलं. बिरेनची बायको काज-बटण शिकली. दोघींचं हसणं ऐकू आलं की मी दार आपटून घ्यायचो.

नजर अधू झाली तशा काकू गावी लेकीकडं गेल्या. मशीन त्या बाईला दिलं. टेम्पोत गादी चढवताना मी विचारलंच, "आन् मला काय?"

"तुला अक्कल दिली की रं."

मोतीबिंदू आहे म्हणतात. ऑपरेशनला सुट्टी टाकून मीच नेणार, पट्टी सुटेपर्यंत उशाशी बसणार. एवढं तरी फेडेन. तारीख ठरली की बिरेनच्या बायकोला मात्र कळवणार नाही. डोळे उघडल्यावर काकूंना पहिला मी दिसलो पाहिजे.