कॅप्टन मात्र मीच ठरवणार!

फॅन्टसी फुटबॉलच्या लीगमध्ये चार म्हातारे असले, की किस्से शोधावे लागत नाहीत. रविवारच्या पाहुण्यांसारखे ते न बोलावता येतात आणि जेवूनच जातात. ('म्हातारे' वाचून बाबा भडकतील. भडकू देत!)

खेळ सोपा आहे. इंग्लंडच्या लीगमधले खरे खेळाडू ठरलेल्या बजेटमध्ये निवडायचे. ते मैदानावर जे करतील, त्याचे गुण आपल्याला. एकाला कॅप्टन करायचं, त्याचे गुण दुप्पट. नाशिकरोडच्या आमच्या लीगमध्ये पाच जण : बाबा, त्यांचे तीन दोस्त आणि मी. कॉलेजच्या टीमची राइट बॅक, पण या लीगमध्ये माझी ओळख 'आपली ऋचा, चहा छान करते'!

*

लीगचे आणि तिच्या व्हॉट्सॲप ग्रुपचे ॲडमिन अण्णाकाका. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात शिफ्ट सांभाळून रिटायर झाले, रुबाब मात्र अजून ड्युटीवर. गेल्या सीझनला त्यांनी नावं बघून टीम लावली. त्यातला एक स्ट्रायकर गुडघ्याचं ऑपरेशन करून घरी बसलेला!

"काका, आधी तो खेळणार आहे का ते तरी बघा!"

"अगं, एवढा मोठा माणूस. येईल की."

"तुमच्या शिफ्टला कोणी आला नाही, तर त्याची हजेरी लावायचात?"

काका म्हणाले, "चहा टाक."

*

संपतमामा सायखेड्याचा, कांदा उत्पादक. एकदा घेतलेला खेळाडू तो विकतच नाही. एका विंगरला दिवाळी उलटून गेली तरी गोल होईना.

"मामा, बदल त्याला."

"थांब गं. भाव वाढंल त्याचा."

"आणि कांद्यासारखा चाळीतच सडला तर?"

"तुला लय घाई हाय!"

शेवटी वैतागून मामानं त्याला काढला. त्याच आठवड्यात पठ्ठ्यानं हॅट्ट्रिक मारली! मला वाटलं, मामा आता फोन फोडणार. मामा शांतपणे म्हणाला, "यात नवीन काय? मी चाळ रिकामी केली की भाव वाढतोच."

*

पाटीलकाका मनमाडचे, रेल्वेत गार्ड होते. उभी हयात वेळेवर काढली, पण टीम बदलायची डेडलाइन एकदा पाळली असेल तर शपथ! ती सामन्याच्या आधीच संपते, हे त्यांना पटत नाही.

"खेळाडू अजून मैदानाबाहेर बोगद्यातच आहेत की! गाडी सुटली कुठे?"

"काका, तिकीट खिडकी बंद झाली."

"मग विदाउट तिकीट चढू दे."

हे एका गार्डाचे शब्द!

*

यंदा सीझनच्या तोंडावर आमच्या गच्चीवर बैठक बसली. मी सांगायला लागले : नाव बघू नका, प्रत्येक सामन्यात खेळणारा बघा. पेनल्टी कोण मारतो ते बघा. पहिले सामने कोणाचे सोपे आहेत ते बघा. स्वस्त बचावपटू घ्या, म्हणजे पुढं खर्चायला बजेट उरतं.

अण्णाकाकांनी हात वर केला. "ऋचा, बाळा, फुटबॉल अनुभवानं कळतो. मोबाइल बघून नाही."

"काका, तुम्ही मैदानावर शेवटचे कधी उतरलात?"

बाबा म्हणाले, "ऋचा! मोठ्यांशी असं बोलतात?"

"लहानांशी बोललेलं चालतं वाटतं?"

मग पैज लागली. पहिल्या आठवड्यात जो जिंकेल, तो ॲडमिन. मी हरले, तर अख्खा सीझन ग्रुपवर एक शब्द लिहायचा नाही. मला गप्प बसायला लावायचं? मला?

*

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटीलकाकांचा फोन. "तो स्वस्तातला बचावपटू कोण म्हणालीस? इथंच राहू दे हं."

दुपारी मामा. "पोरी, सगळी टीमच सांग. अण्णाला कळता कामा नाय."

संध्याकाळी खुद्द अण्णाकाका. "सहज विचारतोय."

बाबा तर स्वयंपाकघरात येऊन कुजबुजले!

खोटं सांगून जिंकणं सोपं होतं. पण मला कोणाला पाडून जिंकायचं नव्हतं, खेळून जिंकायचं होतं. चौघांना माझीच टीम दिली, पहिल्यापासून शेवटच्या खेळाडूपर्यंत. कॅप्टनसुद्धा सांगणार होते : पेनल्टी मारणारा तो पोरसवदा मिडफिल्डर. तिथं मात्र चौघांनी मला वेगवेगळ्या वेळी, पण एकच वाक्य ऐकवलं.

"कॅप्टन मात्र मीच ठरवणार. अनुभव आहे!"

*

डेडलाइन संपली आणि सगळ्यांच्या टीम उघड झाल्या. चौघांची टीम एकच! आणि चौघांचा कॅप्टनही एकच : टीममधला सगळ्यात वयस्कर, नावाजलेला स्ट्रायकर, मी राखीव म्हणून घेतलेला.

"अण्णा, माझी टीम चोरली!" मामाचा मेसेज.

"मी? तूच पाटीलची बघितली असशील."

"मी तर यंदा वेळेवर भरली!" पाटीलकाकांना त्याचंच कौतुक.

बाबांनी फोन पालथा ठेवला.

त्यांचा अनुभवी कॅप्टन शेवटच्या मिनिटांत मैदानात आला, चेंडूला पाय लागायच्या आत शिट्टी वाजली. माझ्या पोरसवदा कॅप्टननं पेनल्टीवर गोल केला, वर आणखी एक गोल बनवून दिला. त्याच्या दुप्पट गुणांवर मी जिंकले!

थोड्या वेळानं अण्णाकाकांनी मला ॲडमिन केलं. 'अभिनंदन' वगैरे काही नाही.

मग चुकून ग्रुपवरच त्यांचा मेसेज आला : "ऋचा बाळा, पुढच्या आठवड्याचा कॅप्टन सांग. बाकीच्यांना कळू देऊ नकोस."

त्याखाली लगेच तीन अंगठे उमटले.